बंद कारखान्याचं कोमट पाणी

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं, की मी सांगते, मी घाण पाणी बाटलीत भरायचे. लोकांना वाटतं हा विनय आहे. तसं काही नाही. प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी मंडळात क्षेत्र अधिकारी म्हणून मी नोकरीची बहुतेक वर्षं बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काढली. त्या वर्षांतून बाटली, लाख, सुतळी आणि सही वगळली तर फारसं काही उरत नाही. या अंकाच्या संपादकांनी मला ‘पर्यावरणाचे कायदे आणि आंतरराष्ट्रीय करार’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यावर बोलायला विद्वान पुष्कळ आहेत. मी आपली हे कायदे जिथे शेवटी चिखलात उतरतात, त्या जागेबद्दल लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाण्याचा कायदा चौऱ्याहत्तर सालचा. त्यातलं एकविसावं कलम आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून टिकायला हवा असेल, तर आधी कारखान्याच्या ताबेदाराला किंवा त्याच्या माणसाला नोटीस द्यायची. त्याच्या देखत पाणी घ्यायचं, त्याच्या देखत दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना लाखेचं सील लावायचं आणि चिठ्ठीवर माझी व त्याची, दोघांच्या सह्या. यातलं एक जरी चुकलं, तर बाटलीत साक्षात विष असो, कोर्टाच्या लेखी ते पाणीसुद्धा नसतं. आता ताबेदार मुद्दाम गायब झाला तर काय, याचाही विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला आहे. मग अधिकाऱ्याने एकट्यानेच सही करायची आणि माणूस गैरहजर होता असं प्रयोगशाळेला लेखी कळवायचं. तो नमुना चालतो. ही शेवटची ओळ वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ऐन वेळी मी ती ठेवली नाही.

मालक लोकही एकेक नग. एकाने सांडपाण्याच्या टाकीशेजारी काचेची पेटी ठेवून त्यात मासे सोडले होते. आमचं शुद्ध केलेलं पाणी बघा मॅडम, मासे खेळतात, असं तो कौतुकाने दाखवायचा. एकदा मी ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचले, तर त्याचा माणूस पिशवीतून नवे मासे पेटीत ओतत होता आणि कालचे मेलेले बादलीत पडले होते. त्या दिवशी ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. पुढे पुढे मला ती बादली वेगळीच आठवायला लागली.

करारांबद्दलही सांगते. एकदा मुंबईच्या एका गारठलेल्या हॉटेलात आम्हाला दोन दिवस बसवून जगातले करार शिकवले. घातक कचरा एका देशाने दुसऱ्याच्या दारात टाकू नये म्हणून बाझलचा, पाऱ्यासाठी मिनामाताचा, आणि स्टॉकहोमचा. स्टॉकहोमचा माझ्या डोक्यात कायमचा बसला. काही रसायनं अशी असतात की ती कुजत नाहीत, विरत नाहीत, निसर्गाला पचत नाहीत. पाण्यातून माशात, माशातून माणसाच्या चरबीत, तिथून आईच्या दुधात. जिथे कधी कारखाना नव्हता त्या ध्रुवावरच्या प्राण्यांतसुद्धा ती सापडलेली आहेत. ती बनवायची नाहीत, वापरायची नाहीत असं देशोदेशींच्या सरकारांनी सही करून ठरवलं आणि आपल्या देशानेही सही केली. जेवणाच्या सुट्टीत मला वाटलं होतं, चला, एक भूत तर बाटलीत बंद झालं.

सोमीबाई आमच्या ऑफिसात आली ती त्यानंतर काही वर्षांनी. वसाहतीच्या पाठीमागून एक नाला खाडीकडे जातो. त्याच्या काठी तिचा पाडा, पंधरा-वीस घरांचा, सगळी डोंगराकडून येऊन राहिलेली वारली कुटुंबं. साठीची बाई, अंगाने काटकुळी. बरोबर सून होती, तिचे दिवस भरत आले होते. सोमीबाईने टेबलावर पाण्याने भरलेली बाटली ठेवली आणि म्हणाली, “बाय, आमच्या इहिरीत बेडूक नाय ऱ्हायले.”

मी विचारलं, पाण्याला वास येतो का, रंग आहे का.

“वास नाय, रंग नाय. पानी गोड हाय. पन त्यात काय जगत नाय. पावसात बेडूक येतात, दोन दिस वरडतात, मग गप.”

पाड्याला पाण्याची दुसरी सोय नव्हती. टँकर मागितला की पंचायत सांगे, विहीर आहे की, आणि तिला हिरवं कार्डही आहे. गावोगावच्या विहिरी तपासून चांगल्या पाण्याला हिरवं कार्ड देतात. ती तपासणी मुख्यतः जंतूंची असते. सोमीबाईच्या विहिरीत जंतू सापडत नव्हते. सापडणार कुठून, तिथे जंतूही जगत नव्हते.

आमचा ड्रायव्हर जगनदादा, एडवणचा, समुद्राकाठी वाढलेला आणि माझ्याहून जास्त नमुने पाहिलेला माणूस. त्याला घेऊन मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाड्यावर गेले. विहिरीत वाकून पाहिलं. पाणी इतकं नितळ होतं की तळ दिसत होता. वरच्या झाडाची पानं तळाशी पडली होती, कधीची कोण जाणे, आणि एकही कुजलं नव्हतं. प्रत्येक पानाची शीर न् शीर दिसत होती. विहिरीत एरवी काहीतरी हलत असतं, पाण्यावर धावणारा किडा, एखादी पाकोळी. इथे काही नव्हतं. जगनदादा काठावरून दोन पावलं मागे सरला. “मॅडम, खाडीचं पानी गदळ असतं, पन जित्तं असतं,” तो म्हणाला. “हे नाय बरं वाटत.”

विहिरीचं पाणी खास प्रयोगशाळेत पाठवायला वरून मंजुरी लागते आणि वरून नेहमीचं उत्तर यायचं, आधी उगम सिद्ध करा. म्हणजे घाण कुठून येते ते कोर्टात टिकेल असं दाखवा, मग विहिरीचं बघू. तेव्हा आम्ही नाल्याच्या काठाने वर निघालो. हा नाला मी पिवळा, जांभळा, फेसाळ असा सगळ्या अवतारांत पाहिलेला होता. त्या दिवशी तो जवळजवळ स्वच्छ दिसत होता. डासांचं एकही घोंघावणं नव्हतं. एका वळणावर जगनदादाने पाण्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

“कोमट हाय,” तो म्हणाला.

आणि वर जो कारखाना होता तो बंद होता. तो मीच बंद केला होता. दोन वर्षांपूर्वी मंडळाचा आदेश घेऊन मी स्वतः उभी राहिले, वीज तोडली, पाण्याची जोडणी कापली, गेटवर कागद चिकटवला. तो कागद अजून तिथे होता, माझ्या सहीसकट, उन्हाने पिवळा पडलेला. गेटवर वेल चढले होते. विजेचा मीटर मेलेला. मी भिंतीला तळवा टेकवला तर भिंत गरम होती, आणि उन्हाने नव्हे, कारण ती सावलीतली बाजू होती. कान लावला. आत खोलवर काहीतरी शिजत होतं, डाळीला उकळी यावी तसा आवाज. भिंतीच्या तळाशी गवतात लपलेला हातभर पाइप होता आणि त्यातून धार नाल्यात पडत होती. त्याच्या भोवतालचं गवत हिरवंगार होतं, फक्त धारेखाली पांढरंफटक.

“किसको देख रहे हो?”

मी दचकलेच. पाठीमागे एक माणूस उभा होता. चाळिशीचा असावा, अंगावर वॉचमनचा खाकी शर्ट, आणि हाताची बोटं मनगटापर्यंत हळद लावल्यासारखी पिवळी. तो कुठून आला ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

मी ओळख सांगितली. विचारलं, आत कोण आहे. तो म्हणाला, “यहाँ कोई नहीं है.”

“तुम तो हो.”

“हम भी नहीं हैं, मैडम,” तो म्हणाला. तो हसत नव्हता.

मी तेव्हा त्याला वात्रटपणा समजले. गळ्यात त्याचा पास होता, त्याच कारखान्याचा. नाव रामसुभग. फोटो होता, पण रसायनांच्या हवेने उडून गेलेला. कपाळाची रेघ आणि एक कान तेवढा उरला होता. वसाहतीतल्या बहुतेकांच्या पासांवरचे फोटो असेच उडालेले असतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मालकाला फोन लावले, उचलले गेले नाहीत. नोटीस लिहिली, एक प्रत गेटवर डकवली. मग गडद काचेच्या बाटल्या काढल्या, धारेखाली भरल्या, दोन भाग केले, लाख वितळवली. सहीची वेळ आली तसा जगनदादा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, याची सही कशाला पायजे? कोनी हजर नाय असं लिवा नि चला.”

मी त्याच्यावर डाफरले. म्हटलं, दादा, गैरहजर लिहिलेले नमुने मी पुष्कळ केलेत, वकील त्यावर कीस पाडत बसतात. इथे कारखान्याचा माणूस धडधडीत समोर उभा आहे. असा बिनतोड नमुना पुन्हा मिळायचा नाही. मला माझ्या बिनतोडपणाचा गर्व होता, आता कबूल करायला काय हरकत आहे. मी त्या माणसाला चिठ्ठी वाचून दाखवली, हिंदीत समजावली. त्याने बराच वेळ धारेकडे पाहिलं. मग पेन घेतलं आणि अक्षरं एकेक करून नाव लिहिलं. बाटलीला सील लावताना त्याची पिवळी बोटं माझ्या हाताला लागली, तेव्हा मला ती उगीचच गार वाटली.

अहवाल आला. स्टॉकहोमच्या यादीतलं नाव त्यात होतं. मुंबईतल्या त्या हॉटेलात पडद्यावर पाहिलेलं नाव, जे आता या देशात कुणी बनवत नाही असं आम्हाला शिकवलं होतं. बंद कारखान्यात, शेजारच्या प्लॉटमधून भिंतीतून आणलेल्या वाफेवर आणि विजेवर, ते बनत होतं, हे मला पुढे कळलं. त्या आठवड्यात मी सोमीबाईला सांगून आले, हे पाणी पिऊ नका. तिने मान हलवली. सुनेने विचारलं, मग कुठलं पिऊ? मी म्हटलं, खटला उभा राहतोय, नमुना टिकला की विहीर दूषित आहे हे सरकारला मानावंच लागेल, मग नळ येईल. तोवर जमेल तसं करा. असं बोलताना मला स्वतःची लाज वाटली नाही, इतकी मला त्या नमुन्याची खात्री होती.

पालघरच्या कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. मालकाचा वकील अतिशय सभ्य. नमुना कसा घेतला, कुणाच्या देखत, सही कुणाची, सगळं त्याने माझ्याकडून पायरी पायरीने वदवून घेतलं. मी ताठ मानेने उत्तरं दिली. मग त्याने फाइलमधून एक कागद काढला. रामसुभगचा मृत्यूचा दाखला होता तो. माझ्या नमुन्याच्या दीड वर्ष आधीचा. त्याच कारखान्यात, बंदीनंतर सहाच महिन्यांनी, ‘देखभालीच्या कामावर असताना हृदयविकाराने’ गेलेला. त्या मृत्यूबद्दल कारखान्याने कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. आता तोच दाखला त्यांचा वकील सोन्याच्या नाण्यासारखा दोन बोटांत धरून दाखवत होता.

“मॅडम, आपण विज्ञानाच्या पदवीधर आहात,” तो म्हणाला. “मेलेली माणसं सह्या करतात यावर आपला विश्वास आहे का?”

कोर्ट हसलं. नमुना बाद, म्हणून अहवाल बाद, म्हणून खटला संपला. चिठ्ठीवर सहीची जागा कोरी असती तर नमुना उभा राहिला असता. मी हौसेने ती भरून घेतली होती, एका मेलेल्या माणसाच्या नावाने.

मला त्यानंतर भीती वाटली, खरीच. दिवसाढवळ्या. मी त्या चिठ्ठीची प्रत काढून बघायचे. अक्षरं नीट, दाबून लिहिलेली. “हम भी नहीं हैं, मैडम.” घरात भिंतीला हात लागला की मी नकळत चाचपायचे, गरम आहे का म्हणून. जगनदादाही त्या रस्त्याने गाडी घालेना. “तो मानूस चालत आला तवा त्याचा आवाज नाय आला,” असं तो दोनदा म्हणाला आणि मग त्याने तो विषयच बंद केला.

आमच्या वकिलांनी सांगितलं, अपिलाची मुदत आहे. सही करणारा जिवंत माणूस सापडला आणि त्याने खऱ्या नावाने प्रतिज्ञापत्र दिलं, तर काहीतरी धरता येईल. मी बोईसरच्या भाड्याच्या खोल्या पालथ्या घालायला लागले. एकेका खोलीत आठ-आठ जण, पाळीपाळीने झोपणारे. रामसुभग म्हटलं की लोक एकमेकांकडे बघायचे. शेवटी शिफ्टच्या बसच्या थांब्यावर एका म्हाताऱ्या फिटरने मला विचारलं, “कौन-सा वाला, मैडम? तीसरा?”

तेव्हा मला उलगडलं. ठेकेदार माणूस गेला तरी पास परत करत नाही. नवा माणूस आला की तोच पास त्याच्या गळ्यात. नवा पास काढायचा म्हणजे कागद, तपासणी, कटकट. आणि बंद कारखान्याला नवा पास मिळणार तरी कुठून? पहिला रामसुभग आत मेला. दुसरा खोकत गावी गेला. माझा तो तिसरा. माणसं बदलत होती, नाव कामावर होतं. हे वसाहतीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. इतकी वर्षं इथे काढून मला ठाऊक नव्हतं.

तो सापडला एका खोलीत, पत्र्याखाली, कामावर जायच्या तयारीत. गळ्यात आता दुसराच पास होता. मला ओळखून त्याने स्टूल पुढे केलं. मी त्याला सगळं सांगितलं. पाड्याचं, विहिरीचं, सोमीबाईच्या सुनेचं, तिला तोवर मुलगी झाली होती. मी म्हटलं, तुमच्या खऱ्या नावाने एक कागद करून द्या, फक्त एवढंच.

“असली नाम पे तो भाई काम करता है, सूरत में,” तो म्हणाला. “हमारे कागज वही ले गया था, उसके बने नहीं थे. उसका सब उसी नाम पे है. हम लिख के देंगे तो वो कौन है, मैडम?”

तो पिवळी बोटं चोळत बसला होता.

“साइन हमने झूठी नहीं की थी,” तो म्हणाला. “नाम झूठा था. पानी हमने देखा था.”

मी त्याला आग्रह केला नाही. करायला हवा होता की काय, हे मला आजही ठरवता येत नाही. एका बाजूला सुरतेतला, मी कधी न पाहिलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला पाड्यावरची पंधरा-वीस घरं. अपिलाची मुदत संपली. पुन्हा नमुना घ्यायला गेले, तेव्हा पाइपच्या जागी ताजं सिमेंट होतं, भिंत गार होती. प्लॉट विकला गेला होता. पाइप नाही म्हणजे सांडपाणी नाही, सांडपाणी नाही म्हणजे उगम नाही. जमिनीत मुरलेलं मात्र तिथेच होतं. ते कुजत नाही, हाच तर त्याचा गुण.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मी पाड्यावर सांगायला गेले. जगनदादा गाडीतून उतरला नाही. मी सोमीबाईच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, माझी चूक कोणती तेही. आजूबाजूच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. सोमीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला हाक मारली. सून पोरीला कडेवर घेऊन आली आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ती तिथली रीत.

मी तांब्या उचलला. पाणी नितळ होतं, तांब्याचा तळ दिसत होता. नको म्हणणं म्हणजे त्यांच्या घराचा अपमान. इतकं नुकसान करून वर अपमान करायला मी धजत नव्हते. एका घोटाने मला काय होणार होतं? मी तांब्या ओठांपर्यंत नेला आणि सहज वर पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सून सगळ्यांत जास्त. पोरगी तिच्या अंगाशी पीत होती. मग माझ्या लक्षात आलं की त्या पाहुणचार करत नव्हत्या. सरकारची बाई हे पाणी पिते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांच्याकडे दुसरी प्रयोगशाळा नव्हती.

मी तांब्या खाली आणला आणि ओट्याच्या कडेवरून सगळं पाणी मातीत ओतलं. सोमीबाईने डोळे मिटून घेतले. सून थोडा वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग तिने पोरीला सासूच्या मांडीवर दिलं, घरातला भरलेला हंडा बाहेर आणून पालथा केला, आणि तो रिकामा हंडा डोक्यावर घेऊन वसाहतीच्या रस्त्याकडे चालू लागली. तिथून सगळ्यात जवळचा नळ तासाभराच्या वाटेवर आहे.